तांदळात गेलेलं येशूबाळ

एक होतं बंदर. त्याचं नाव वाळूबंदर. त्याच्या एका अंगाला दर्या, दुसऱ्या अंगाला खाडी, आणि मधल्या वाळूवर नारळाच्या झाडांखाली कोळ्यांची घरं. घरांच्या मधोमध पांढरंशुभ्र चर्च. त्या चर्चची घंटा एवढी मोठी होती, बरं का, की ती वाजायला लागली की गावातले कोंबडे आरवायचे थांबायचे. म्हणायचे, आता आपलं कोण ऐकणार!

त्या बंदरात सेरफीन नावाची एक कोळीण राहायची. तिच्या नवऱ्याचं नाव कैतान. घरात सेरफीन, कैतान, आणि कैतानची आई फिलूमाय. आणि चौथा एक माणूस. तो जेवत नसे, झोपत नसे, बोलत नसे. भिंतीतल्या कोनाड्यात उभा असे. कोण सांगा पाहू?

बरोबर. संत अंतोन.

लाकडाचा होता तो, हातभर उंचीचा. अंगात तपकिरी झगा, कमरेला दोरी, पायांत साध्या वहाणा. एक हात आशीर्वादासाठी वर केलेला, आणि दुसऱ्या हातावर बोटाएवढं गोरंगोमटं येशूबाळ. सेरफीन लग्न होऊन आली तेव्हा तिच्या आईनं तो तिच्या ओटीत घातला होता. म्हणाली होती, "पोरी, मी काही जन्माला पुरणार नाही. माझ्या मागे हा तुझा माहेरचा माणूस."

मग काय! सेरफीन त्याला माहेरच्या माणसासारखंच वागवायची. सकाळी त्याच्यापुढं मेणबत्ती लावायची आणि दिवसभर त्याच्याशी बोलायची. बोंबील वाळत घालताना बोलायची, मासळीची पाटी डोक्यावर घेताना बोलायची, सासूशी भांडण झालं की मग तर फारच बोलायची.

आता हरवलेली वस्तू शोधून देणं हे अंतोनाचं काम. हे सगळ्यांना ठाऊक आहे. सेरफीनची सुई हरवली, अंतोनानं दिली. कोंबडी हरवली, अंतोनानं दिली. कानातली कुडी मासळीबाजारात पडली, ती एका सुरमईच्या पोटात सापडली. हो! पोटात! हसताय काय?

पण कधीकधी अंतोन उशीर लावायचा. मग सेरफीन काय करायची, तिची आई करायची तेच. आणि आईची आई करायची तेच. अंतोनाच्या हातावरचं येशूबाळ अलगद उचलायची आणि लपवून ठेवायची. म्हणायची, "आधी माझं दे, मग तुझं देते."

फिलूमाय कपाळाला हात लावायची. "अगं ए सेरफीन, त्या बिचाऱ्या संताला किती छळशील? त्याच्या काळजाचा तुकडा आहे तो!"

"म्हणून तर उचलला, माय," सेरफीन म्हणायची. "दुसरं काही उचललं तर तो ढिम्म हलायचा नाही."

आणि खरंच, बरं का, बाळ उचललं की अंतोन हलायचा. वस्तू सापडायची.

एकदा काय झालं, ईस्टर होऊन गेला होता. आभाळ निळं, दर्या शांत, मिठागरं पिकायला आलेली. कैताननं आपली लहान होडी पाण्यात लोटली आणि तो एकटाच जाळी बघायला गेला. जाताना म्हणाला, "दुपारच्या जेवणाला येतो. कालवण झणझणीत कर."

मग दुपार झाली. आणि कसं कोण जाणे, दर्यावरून काळं वादळ आलं. वेळ नाही, काळ नाही, असं अवकाळी वादळ! नारळाची झाडं जमिनीला टेकली. मिठागरांत पाणी शिरलं. वलांड्यांवर, म्हणजे मासळी वाळवायच्या काठ्यांवर, टांगलेले बोंबील पाखरांसारखे उडून गेले. दर्यावर गेलेल्या होड्या एकामागून एक धापा टाकत परत आल्या. सेरफीन किनाऱ्यावर उभी राहून एकेक होडी ओळखत होती. ही पास्कूची. ही दुमिंगची. ही इनासतांडेलाची.

सगळ्या आल्या. कैतानची नाही आली.

वादळ शमलं तसा इनासतांडेल आपली माणसं घेऊन शोधायला निघाला. ते दूरवर जाऊन आले. डोकी खाली घालून आले. इनास म्हणाला, "वहिनी, दर्या मोठा आहे. उद्या परत जाऊ." पण त्याचा आवाज काही उद्याचा नव्हता.

सेरफीन रडली नाही. ती तरातरा घरी आली, कोनाड्यापुढं उभी राहिली आणि म्हणाली, "अंतोना! सुई नको मला. कोंबडी नको. माझा माणूस हरवलाय. तू माझ्या माहेरचा ना? मग शोधून आण." आणि तिनं येशूबाळ उचललं. "तो आला की हे मिळेल. त्याआधी नाही."

फिलूमायनं या वेळी कपाळाला हात लावला नाही. ती नुसती म्हणाली, "नीट ठेव हो बाळाला."

आता नीट म्हणजे कुठं? सेरफीनच्या घरात एक लहान मडकं होतं. त्याला म्हणायचे अंतोनाचं मडकं. रोज भात रांधायला तांदूळ घेतले की त्यातली एक मूठ त्या मडक्यात टाकायची. मंगळवार हा अंतोनाचा वार. त्या दिवशी दारात जो कोणी गरजवंत येईल त्याला ते तांदूळ द्यायचे. अशी त्या घराची रीत. सेरफीनला वाटलं, अंतोनाचं बाळ अंतोनाच्या मडक्यात. याहून चांगली जागा कोणती? तिनं बाळाला तांदळात पुरून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी कोणता वार होता?

हं! कळलं ना तुम्हाला? पण तिला नाही कळलं. तिचं डोकं दर्यावर होतं, डोळे दर्यावर होते. हात तेवढे घरात होते, आणि हातांना रीत ठाऊक होती. दारात टोपल्या विणणारी जानकीआजी आली. म्हणाली, "सेरफीनबाय, वादळानं माझ्या झोपडीचं छप्पर नेलं गं. ऐकलं तुझ्या कैतानचं. आज काही मागत नाही, नुसती तुला बघायला आले."

"आलीस तशी घेऊन जा, आजी," सेरफीन म्हणाली. तिनं मडकं उचललं, दर्याकडे बघत बघत जानकीआजीच्या पदरात सगळंच्या सगळं ओतलं, आणि पुन्हा किनाऱ्यावर जाऊन बसली.

झालं! येशूबाळ चाललं पदरात बसून.

मग काय झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सेरफीन मेणबत्ती लावायला गेली. बघते तर अंतोनाच्या झग्याची कड ओली! तिनं बोटानं चाखून पाहिलं. खारट.

"छप्पर गळलं असेल," फिलूमाय म्हणाली.

"छपरातून खारं पाणी गळतं का, माय?"

तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर अंतोनाच्या वहाणेला हिरवं शेवाळ.

आणि चौथ्या दिवशी सकाळी बघते तर काय! अंतोनाचा जो हात आशीर्वादाला वर होता ना, त्या हाताच्या बोटांत जाळ्याच्या दोरीचा एक तुकडा अडकलेला. त्या दोरीला एक गाठ. तशी उलट्या पिळाची गाठ साऱ्या बंदरात एकच माणूस मारायचा. कैतान.

"माय! सापडला!" सेरफीन ओरडली. "अंतोनाला तो सापडला!"

"मग आणत का नाही गं?" फिलूमायनं विचारलं.

"कसा आणेल? मीच नाही का सांगितलं, आधी माझं दे, मग तुझं? आता तो तिथवर पोचलाय आणि माझ्याकडे बघतोय, बाई, माझं पोर कुठंय? मी बाळ परत देते. आत्ता देते!"

ती धावत मडक्याकडे गेली. मडक्यात हात घातला.

मडकं रिकामं.

तिला सगळं आठवलं. मंगळवार आठवला. जानकीआजीचा पदर आठवला. ती मटकन खाली बसली. साऱ्या जगाच्या हरवलेल्या वस्तू शोधणारा संत, आणि त्याचंच पोर तिनं हरवलं होतं! आता तो कैतानला कशाच्या बदल्यात देणार?

मग ती उठली, पदर खोचला आणि निघाली.

जानकीआजीची झोपडी बांबूच्या बेटामागं होती. सेरफीन बघते तर आजी पानावर भात वाढून बसलेली, आजूबाजूला शेजारची चार पोरं जेवतायत, आणि आजी हसतेय.

"आजी, तांदळात एक बाळ होतं. लाकडाचं, एवढंसं. पाहिलंस?"

"बाळ? मला मेलीला हत्ती दिसत नाही, तर बाळ कुठून दिसणार!" जानकीआजी म्हणाली. "पण तुझ्या तांदळात काहीतरी होतं हो. एकदाच भात रांधला, तो संपेचना. मी खाल्ला, शेजाऱ्यांनी खाल्ला, कुत्र्यानं खाल्ला. हंडी आपली भरलेलीच. मी म्हटलं, हंडीत भूत शिरलं! मग उरलेले कच्चे तांदूळ मी ठेवून काय करू? मिठागरावरचा गोविंद टोपल्या न्यायला आला होता. त्याचं सगळं मीठ वादळात विरघळलेलं, तोंड सुकलेलं. त्याला दिले बांधून."

सेरफीन निघाली ती मिठागरावर आली. तिचे डोळेच दिपले. सगळ्या मिठागरांत नुसता चिखल, आणि गोविंदच्या मिठागरात मिठाच्या पांढऱ्या राशी! गोविंद त्या राशींभोवती वेड्यासारखा फेऱ्या मारत होता.

"वहिनी, काय सांगू!" तो म्हणाला. "जानकीआजीचं गाठोडं मी इथं बांधावर ठेवलं आणि झोपलो. उठून बघतो तर मीठ! लोक म्हणतात, गोविंदा, चोरून आणलंस काय रे? आता मीठ काय खिशात घालून चोरतात?"

"गाठोड्यात एक बाळ होतं ना?"

"बाहुला? होता की. तांदूळ निवडताना हाताला लागला. गोड चेहऱ्याचा. मी एकटा जीव, मला बाहुल्याचं काय करायचं? खाडीकाठी मंजुळा राहते ना, दगडाच्या खाणीवर जाते ती, तिची पोर तापानं फणफणलीय. कालच नेऊन दिला. तांदूळही दिले. का? तुमचा होता काय तो?"

पण सेरफीन पुढं गेलेली. ऊन उतरायला लागलं होतं. वाट खाडीच्या काठाकाठानं होती आणि तिच्या मनात एकच गोष्ट होती. बाळ घ्यायचं, धावत घरी जायचं, अंतोनाच्या हातावर ठेवायचं, आणि कैतान येणार. बाळ, घर, हात, कैतान. बाळ, घर, हात, कैतान. तिचे पायसुद्धा त्याच तालावर पडत होते.

मंजुळाचं घर झावळ्यांचं, दाराला पोत्याचा पडदा. सेरफीननं पडदा सारला. मंजुळानं ओठांवर बोट ठेवलं. "हळू, बाय, हळू. आत्ता कुठं झोपलीय."

गोधडीवर एक इवलीशी पोर झोपली होती. तिचं नाव चंपी. गाल सुकलेले, केस घामानं चिकटलेले. आणि तिच्या मुठीत, छातीशी धरलेलं, येशूबाळ.

"इतके दिवस डोळ्याला डोळा नव्हता," मंजुळा कुजबुजली. "नुसती तडफडायची. वैद्यानं हात टेकले. काल गोविंदभाऊंनी हा बाहुला दिला, तिनं मुठीत धरला आणि ताप उतरायला लागला. एकेक घटकेला उतरतोय. कपाळाला हात लावून बघा."

सेरफीननं हात लावला. कपाळ कोमट होतं.

"मंजुळा," ती म्हणाली. "तो बाहुला... तो माझ्या घरचा आहे."

मंजुळाचा चेहरा उतरला. पण ती गरीब असली तरी सच्ची होती, बरं का. तिनं मान हलवली. "तुमचा असेल तर न्यायलाच हवा. थांबा, मी मूठ सोडवते."

तिनं चंपीचं एक बोट हळूच उचललं. पोर झोपेत कण्हली. दुसरं बोट उचललं. पोरीच्या कपाळावर घाम आला, गाल तापले. तिसरं बोट उचलणार, तेवढ्यात...

तेवढ्यात काय झालं असेल?

सेरफीनच्या डोळ्यांपुढं कैतान उभा राहिला. भिजलेला, उपाशी, कुठंतरी दर्यात. लग्नात लाजून तिच्याकडे न बघणारा कैतान. झणझणीत कालवण कर म्हणणारा कैतान. हात पुढं केला की तो घरी येणार होता. नुसता हात पुढं करायचा होता. तिनं केलासुद्धा. आणि मग त्या हातानं तिनं मंजुळाचा हात धरला.

"राहू दे," ती म्हणाली.

"अहो, पण तुमची वस्तू..."

"राहू दे म्हणते ना! झोपू दे पोरीला." तिला रडू फुटत होतं, म्हणून ती जरा रागानंच बोलली. "आणि हे बघ, त्याला पाण्यात बुडवायचं नाही. रंग जातो त्याचा."

आणि ती पडद्याबाहेर पडली. येताना वाटेत ती केवढी रडली! खाडीतले बगळेसुद्धा मान वळवून बघायला लागले.

ती घरी पोचली तेव्हा संध्याकाळची घंटा वाजत होती. तिनं मेणबत्ती लावली. अंतोन उभा होता. एक हात वर, दुसरा हात वाकवलेला, जणू त्याच्यावर अजून कुणी बसलंय. सेरफीन त्याच्यासमोर जमिनीवर बसली.

"अंतोना," ती म्हणाली, "माझ्याकडून सौदा मोडला. तुझं बाळ मी आणू शकले नाही. पण तू काळजी करू नकोस. बाळ बरं आहे. जानकीआजीच्या घरी जेवण करून, गोविंदच्या मिठागरात खेळून, आता एका पोरीच्या मुठीत झोपलंय. तिला ताप होता रे. मी कसं काढून घेऊ? तूच सांग, तू घेतलं असतंस?"

तिनं मेणबत्तीची वात सारखी केली.

"आता तुला द्यायला माझ्याजवळ काही नाही. अडवून धरायलाही काही नाही. कैतान तिकडे आहे, तुला ठाऊक आहे कुठं. मी नुसतं मागते. देशील तर दे." आणि मग अगदी हळू म्हणाली, "दे रे."

एवढं बोलून ती गप्प बसली. जन्मात पहिल्यांदा अंतोनापुढं गप्प बसली. तिथंच भिंतीला टेकून तिचा डोळा लागला.

तिला जाग आली ती फिलूमायच्या किंकाळीनं. पहाट फुटली होती. सेरफीन दचकून उठली आणि तिची नजर कोनाड्याकडे गेली. कोनाडा रिकामा! संतच नाही!

आणि फिलूमाय अंगणातून ओरडत होती, "होडी! अगं होडी!"

सगळं बंदर किनाऱ्यावर धावलं. ओहोटी लागलेली, पाणी बाहेर ओढतंय, आणि त्या पाण्याच्या उलट एक होडी सरसर आत येतेय. शीड नाही, डोलकाठी नाही, वल्हं नाही. कुणीतरी दोरीनं ओढल्यासारखी येतेय. होडी वाळूला लागली आणि आतून उतरला कैतान. पाय लटपटत होते, ओठ फुटले होते, पण जिवंत! अगदी जिवंत!

फिलूमाय धावत गेली आणि तिनं आधी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. "दुपारच्या जेवणाला येतो म्हणाला होतास ना? कुठली दुपार रे ही?" आणि मग त्याच्या गळ्यात पडून जी रडली, ती थांबेचना.

सेरफीन पुढं झाली. तिनं त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. सोडलाच नाही.

घरी आल्यावर पेज पिता पिता कैतान सांगायला लागला.

"वादळात डोलकाठी मोडली. होडी वाहत वाहत लांबच्या खडकावर जाऊन अडकली. पावसाचं पाणी होतं, तेवढ्यावर राहिलो. रोज मला वाटायचं, धुक्यात कुणीतरी खडकाभोवती फिरतंय. हाक मारली की थांबायचं, पुन्हा मागं वळून गावाकडे बघायचं, जणू तिकडे काहीतरी विसरलंय. एकदा त्यानं माझ्या जाळ्याला हात घातला, तर तुकडाच हातात आला. काल रात्री मात्र तो सरळ आला. तपकिरी झगा, गुडघाभर पाण्यात. कमरेची दोरी सोडली, होडीला बांधली आणि दोन्ही हातांनी अशी ओढली, अशी ओढली! मी म्हटलं, दादा, तुम्ही कुठल्या गावचे? तर म्हणाला, 'तुझ्याच घरचा. तुझी बायको रोज माझ्याशी बोलते. जरा जास्तच बोलते.'"

फिलूमाय खुदकन हसली.

"मी विचारलं, इतके दिवस नुसते फिरत होता, आज कसे आलात? तर म्हणाला, 'इतके दिवस अर्धा जीव माझ्या बाळापाशी होता. आता निरोप मिळाला, बाळ सुखात आहे. आज दोन्ही हात मोकळे आहेत.'"

सेरफीननं हळूच वळून कोनाड्याकडे पाहिलं. अंतोन परत आला होता! झगा चिंब, कमरेची दोरी जरा सैल. आणि त्याचा तो वाकवलेला हात आता सरळ झाला होता. दोन्ही हात पुढं, तळवे उघडे, होडी ओढून दमलेल्या माणसासारखे.

मग काय, साऱ्या बंदरानं जेवण केलं. जानकीआजी आली, तिच्या झोपडीवर कोळ्यांनी नवं छप्पर घातलं. गोविंदनं घरोघर मीठ वाटलं. चंपी खडखडीत बरी झाली, ती येशूबाळाला काखेत मारून सगळीकडे नाचू लागली, आणि रात्री त्याला आपल्या गोधडीत झोपवू लागली.

पुढं एकदा कैतान म्हणाला, "सेरफीन, सागाचा एक तुकडा आहे माझ्याजवळ. अंतोनासाठी दुसरं बाळ कोरू का? हात रिकामे दिसतात त्याचे."

सेरफीन म्हणाली, "अजिबात नको. कामाचा माणूस आहे तो. असू देत त्याचे हात मोकळे."

आणि मग सेरफीन, कैतान आणि फिलूमाय खूप वर्षं सुखानं राहिले. भांडले, हसले, बोंबील वाळवले, मंगळवारी तांदूळ वाटले.

संपली गोष्ट. होड्या सगळ्या किनाऱ्याला लागल्या, कुणी बाहेर राहिलं नाही. आता तुम्हीही पाय आत घ्या, पांघरूण ओढा आणि डोळे मिटा बघू.